शेत जुनंच आहे, मग तुटलेल्या जंगलाचा हिशेब त्याच्या खात्यावर का?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शेतात पन्नास वर्षं मकाच पिकतो आहे. तो पूर्वी पशुखाद्याला जायचा, आता इथेनॉलला जातो. एक झाड तोडलं नाही, एक बांध हलवला नाही. तरीही 'अप्रत्यक्ष जमीन-वापर बदल', म्हणजे इथली तूट भरायला दुसरीकडे नवी जमीन मोडली जाणं, या नावाने त्या इथेनॉलवर कार्बनचा बोजा का चढवतात? दर अभ्यासात आकडा वेगळा येत असेल, तर तो धोरणात धरणं कितपत योग्य? आणि शेवटी, अशा शेतावरच्या प्रकल्पाला कमी जोखमीचा दाखला मिळेल का?

इंधनांच्या कार्बन-हिशेबाचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. हा प्रश्न मला पिकवणाऱ्यांनी विचारला आहे, कारखाना चालवणाऱ्यांनी विचारला आहे आणि नियम लिहिणाऱ्यांनीही. विचारण्यात बहुतेक वेळा एक दुखावलेपण असतं: जे आपण केलंच नाही त्याचं खापर आपल्या माथी का? ती भावना मला समजते. म्हणून उत्तराला जंगलापासून नाही, इंजिनाच्या धुरापासून सुरुवात करतो.

इथेनॉल जळताना कार्बन डायऑक्साइड सोडतंच. तेवढ्याच ऊर्जेसाठी पेट्रोल जेवढा सोडतं, जवळपास तेवढाच. मग ते हवामानाला बरं कसं? तर पिकाने वाढताना तेवढा कार्बन हवेतून घेतलेला असतो, म्हणून जमा-खर्च फिटला, असं सांगितलं जातं. मेख इथेच आहे. तो मका पशुखाद्याला जात होता तेव्हाही हवेतून कार्बन घेतच होता. गिऱ्हाईक बदललं म्हणून शेताने एक ग्रॅमही जास्त घेतलेला नाही. ज्या जमेच्या बळावर इथेनॉलला स्वच्छ म्हणायचं, ती जमा पूर्वीपासून खात्यात होती. नवी जमा दाखवायची असेल तर कुठेतरी काहीतरी नव्याने घडायला हवं.

घडू शकतं ते तीनच प्रकारे. भाव चढला म्हणून कुणीतरी आहे त्याच जमिनीत जास्त पिकवतं. किंवा भाव चढला म्हणून कुणीतरी कमी खातं, कमी जनावरं पाळतं. किंवा कुठेतरी नवी जमीन नांगराखाली येते. बाजारातून काढून घेतलेला प्रत्येक टन या तिघांत वाटला जातो. पहिली वाट चांगली, पण भावाला प्रतिसाद म्हणून किती उत्पादन वाढतं यावर वाद आहे. तिसरी वाट म्हणजेच तुम्ही ज्याबद्दल विचारलं आहे ते, धंद्याच्या बोलीत, इंग्रजी आद्याक्षरांवरून, 'आयलक'. दुसरीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही आणि मला ते खटकतं. युरोपीय आयोग, कॅलिफोर्निया आणि अमेरिकेची पर्यावरण संस्था यांनी वापरलेली प्रतिमानं, म्हणजे बाजाराचे संगणकी आराखडे, संशोधक टिमथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये उलगडून दाखवली. इथेनॉलसाठी वळवलेल्या निव्वळ उष्मांकांपैकी साधारण २० ते ५० टक्के पुन्हा भरूनच निघत नाहीत, असं त्या प्रतिमानांच्या पोटात दडलेलं होतं. म्हणजे इंधनाच्या नावावर जी बचत दिसते, तिचा एक भाग लोकांच्या आणि जनावरांच्या तोंडचा घास कमी झाल्यामुळे आलेला आहे. एखादं प्रतिमान जमीन-वापराचा आकडा फार कमी दाखवू लागलं की मी आधी हे बघतो: धान्याची तूट नक्की भरली कुणी?

आता एक हेक्टर घेऊन हिशेब हातानेच करू. आकडे ढोबळ आहेत, पण पट्टी खरी आहे. चांगल्या जमिनीत मका ११ टन येतो. टनाला सुमारे ४०० लिटर इथेनॉल, म्हणजे ४,४०० लिटर. ऊर्जेत मांडलं तर साधारण ९३,००० मेगाज्यूल. इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा, ज्याला पशुखाद्याच्या बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो वजनाने मूळ मक्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि त्यात प्रथिनं जास्त असतात. तो चार टन मक्याची जागा भरतो असं धरू. हा चोथा हिशेबात न घेणं ही जुनी चूक आहे आणि इथेनॉलवाल्यांची त्याबद्दलची तक्रार रास्त आहे. उरली तूट सात टनांची. त्यातली निम्मी जास्त उत्पादनाने आणि कमी खपाने भागली असं माना. साडेतीन टन नव्या जमिनीतून यायला हवेत. नवी जमीन सहसा हलकी असते, तिथे हेक्टरी पाच टन धरा. म्हणजे ०.७ हेक्टर.

ही ०.७ हेक्टर गवताळ कुरणाची असेल आणि तिथली मुळं व माती उलटल्यावर हेक्टरी १०० टन कार्बन डायऑक्साइड सुटणार असेल, तर एकूण ७० टन. ते बरंचसं सुरुवातीच्या वर्षांत सुटतं, पण शेत पुढे अनेक वर्षं चालतं, म्हणून तीस वर्षांत विभागतात: वर्षाला २.३ टन. ९३,००० मेगाज्यूलने भागलं की मेगाज्यूलमागे २५ ग्रॅम. खत, डिझेल, भट्टी आणि वाहतूक मिळून मक्याच्या इथेनॉलचे आणखी पन्नास-साठ ग्रॅम होतात. पेट्रोलचे सगळे मिळून नव्वदच्या थोडे वर. म्हणजे बचत उरते, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आता त्याच तक्त्यातला एकेक रकाना बदलून पाहा. निम्म्याऐवजी फक्त पंधरा टक्के तूट नव्या जमिनीवर पडली, तर २५ चे साडेसात ग्रॅम होतात. कुरणाऐवजी हेक्टरी ५०० टन साठवणारं दाट जंगल गेलं, तर १२५ ग्रॅम, म्हणजे भट्टी पेटण्याआधीच पेट्रोलच्या पुढे. आणि काहीही न बदलता तीसऐवजी वीस वर्षांत विभागणी केली, तर ३७ च्या वर. हा शेवटचा बदल निसर्गातला नाही, तो कार्यालयात ठरतो. अमेरिकेत तीस वर्षं धरतात, युरोपात वीस. नवीन माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी मी त्याच्याकडून हा तक्ता वहीत हाताने करून घेतो. संगणकावर प्रतिमान चालवलं की आकडा बाहेर येतो, पण तो कोणत्या गृहीतकाच्या खांद्यावर बसून आला ते दिसत नाही.

आकडे एवढे वेगवेगळे का येतात, याचं बरंचसं उत्तर यातच आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन शोधनिबंध आले आणि या विषयाला तोंड फुटलं. एकात जोसेफ फार्जिओन आणि सहकाऱ्यांनी जमीन थेट मोडली तर किती वर्षांचं 'कार्बनचं कर्ज' होतं ते मांडलं. ब्राझीलच्या सेराडो गवताळ प्रदेशात उसाच्या इथेनॉलला ते फिटायला १७ वर्षं, तर आग्नेय आशियातल्या पीट, म्हणजे कार्बनने भरलेल्या पाणथळ जमिनीवरच्या पाम डिझेलला चारशेहून जास्त. दुसऱ्यात सर्चिंगर यांनी अप्रत्यक्ष परिणाम जागतिक बाजाराच्या प्रतिमानातून मोजला: अमेरिकेत १.२८ कोटी हेक्टरवरचा मका इथेनॉलकडे वळला तर जगभरात १.०८ कोटी हेक्टर नवी जमीन लागवडीखाली येईल, मेगाज्यूलमागे १०४ ग्रॅम वाढतील आणि तीस वर्षांच्या हिशेबात मक्याचं इथेनॉल पेट्रोलच्या जवळपास दुप्पट वाईट ठरेल.

पुढे हा आकडा खाली आला. २०१० मध्ये टॉमस हर्टेल यांच्या गटाने २७ काढला. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये नियमात ३० धरला होता, २०१५ मध्ये तो १९.८ वर आणला. काही अमेरिकी हिशेबांत तो दहाच्याही आत येतो. मग वाद मिटला असं वाटत असतानाच २०२२ मध्ये टायलर लार्क आणि सहकाऱ्यांनी प्रतिमानाऐवजी प्रत्यक्षात काय घडलं ते तपासलं. अमेरिकेने पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळण्याची सक्ती केल्यानंतर मक्याचे भाव सुमारे ३० टक्के वाढले, मक्याचं क्षेत्र सुमारे २८ लाख हेक्टरने वाढलं आणि त्यांच्या हिशेबाने ते इथेनॉल पेट्रोलपेक्षा बरं नव्हतंच, बहुधा किमान २४ टक्के वाईट होतं. यावर जोरदार प्रतिवाद झाला, अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर अमेरिकी मक्यासाठी मी १०४ हा आकडा आज वापरणार नाही आणि दहाच्या आतलाही वापरणार नाही. वीस ते चाळीस या पट्ट्यात कुठेतरी धरून प्रकल्प तगतो का ते बघेन.

पण आकडा अनिश्चित आहे म्हणून तो सोडून द्या, हा युक्तिवाद मला मान्य नाही. सोडून देणं म्हणजे शून्य धरणं, आणि शून्य हाही एक आकडाच आहे. सात टन धान्य बाजारातून काढलं आणि जगात कुठेही एक वाफासुद्धा वाढला नाही, असं त्याचं म्हणणं आहे. जेवढे आकडे पुढे आले आहेत त्यांतला सर्वांत कमी विश्वासार्ह तोच.

शिवाय आकडे हलले तरी क्रम फारसा हलत नाही. बहुतेक प्रतिमानांत तेलबियांपासूनचं डिझेल तळाला, म्हणजे सर्वांत वाईट, असतं. ऊस, बीट, मका, गहू त्याच्या बरेच वर. युरोपीय आयोगासाठी २०१५ मध्ये ग्लोबिओम या प्रतिमानावर झालेल्या अभ्यासात पाम डिझेलला २३१ ग्रॅम आणि सोयाबीन डिझेलला १५० आले. मक्याला १४, उसाला १७. एवढ्या फरकापुढे पाच-दहा ग्रॅमची चर्चा गौण ठरते. जिथे अनिश्चितता मोठी दिसते तिथेही 'हे पीक की ते पीक' या निवडीपुरती माहिती पुरेशी आहे.

तेलाचं असं का होतं, हे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. खाद्यतेलं एकमेकांची जागा सहज घेतात. युरोपातलं रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्याच कुळातलं तेल डिझेलमध्ये गेलं की बिस्किटं, मार्गारिन आणि साबण बनवणारे दुसरं तेल शोधतात. जगात पटकन वाढू शकणारं, स्वस्त तेल म्हणजे पाम. सोयाबीनकडून ती भरपाई तितकी होत नाही, कारण सोयाबीन मुळात पेंडीसाठी पेरतात. दाण्यात तेल पाचवा हिस्साच असतं. फक्त तेल हवं म्हणून सोयाबीन वाढवलं तर चौपट पेंड सोबत येते आणि पेंडीचा भाव पाडते. म्हणून तेलाची नवी मागणी घरंगळत पामकडे जाते. आणि पाम वाढायला उरलेली जमीन म्हणजे बऱ्याचदा पीट.

पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साठलेला पालापाचोळा, लाकूड आणि मुळं यांचा काळा थर, कुठे कुठे कित्येक मीटर जाड. हातात घेऊन पिळला तर चहाच्या रंगाचं पाणी गळतं आणि हातात तंतूंचा बोळा उरतो. पामची मुळं सतत पाण्यात राहू शकत नाहीत, म्हणून चर खणून पाणी उतरवतात. पाणी उतरलं की हवा शिरते आणि जे हजारो वर्षं कुजलं नव्हतं ते कुजायला लागतं. जमीन खचते: पहिल्या पाच वर्षांत मीटरभराहून जास्त, पुढे वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर. मळ्यातल्या झाडांची मुळं उघडी पडून ती कलंडलेली दिसतात. हवामान बदलाच्या आंतरशासकीय पॅनेलच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार निचरा केलेल्या पीटवरचा पामचा मळा हेक्टरी वर्षाला सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. जंगल तोडल्याचा फटका एकदाच बसतो, हा दर वर्षी बसत राहतो. त्यामुळे तीस वर्षांत विभागण्याची सोयही इथे फारशी मदतीला येत नाही.

मग नवी जमीन न मोडल्याचं प्रमाणपत्र असलेलंच तेल घेऊ, असं पुष्कळ जण म्हणतात. प्रमाणपत्राचा उपयोग आहे, मी स्वतः अशी तपासणी केली आहे, पण ते कशाचं उत्तर आहे आणि कशाचं नाही हे मला एका गिरणीच्या आवारात लख्ख दिसलं. तिथे तेलाच्या दोन टाक्या होत्या. एका टाकीत जुन्या मळ्यांचं तेल जायचं. ते मळे जानेवारी २००८ च्या आधीचे, म्हणजे युरोपच्या नियमात बसणारे. दुसरीत नव्याने मोडलेल्या जमिनीवरचं. इंधनासाठी मागणी वाढली तशी पहिली टाकी सगळी इंधनाला जाऊ लागली आणि आधी जे खाद्यतेलवाले तिच्यातून घेत होते ते दुसऱ्या टाकीवर गेले. मी तपासलेल्या प्रत्येक कागदावर सगळं खरं होतं. उपग्रहचित्रं खरी, वजनाच्या पावत्या खऱ्या. आणि तरीही नवी जमीन मोडण्याचं कारण तीच मागणी होती. कागद तुकड्यामागे चालतो, परिणाम मागणीमागे. तुमच्या मक्याच्या शेताचंही तेच आहे: शेत निर्दोष आहे, त्याला कुणी दोषी म्हणतही नाही. बोजा शेतावर नसतो, 'एवढं धान्य इंधनाला लावायचं' या निर्णयावर असतो.

नियम करणाऱ्यांनी यातून काढलेले मार्ग वेगवेगळे आहेत. कॅलिफोर्निया पिकानुसार ग्रॅम सरळ इंधनाच्या हिशेबात जोडते. युरोपीय संघाने २०१५ मध्ये अन्नपिकांपासूनच्या इंधनाला वाहतुकीतल्या ऊर्जेच्या ७ टक्क्यांची मर्यादा घातली; धान्यांसाठी १२, साखरेच्या पिकांसाठी १३ आणि तेलबियांसाठी ५५ ग्रॅम हे आकडे फक्त अहवालात दाखवायचे ठेवले. २०१९ मध्ये मोजणी बदलून विचारलं की पिकाच्या विस्तारातला किती वाटा कार्बनसमृद्ध जमिनीवर झाला? पामसाठी ४५ टक्के निघाला, सोयाबीनसाठी ८. मर्यादा १० ची. म्हणून पाम 'जास्त जोखमीचं' ठरलं आणि २०३० अखेरपर्यंत त्याला हिशेबातून शून्यावर आणायचं ठरलं. इंडोनेशिया आणि मलेशिया जागतिक व्यापार संघटनेत गेले. हवामानासाठी असा विचार करण्याचा युरोपचा हक्क तिथे मान्य झाला, पण आकडेवारी वेळेवर न तपासण्यावर आणि अंमलबजावणीवर ताशेरे आले. मला दोन्ही गोष्टी बरोबर वाटतात. एका देशाच्या मुख्य पिकावर निर्बंध आणायचा, तर जुन्या आकड्यांवर विसंबून चालणार नाही.

एक आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा: जंगल तुटतं ते लाकडासाठी, गुरांसाठी, जमीन बळकावण्यासाठी, कायदा ढिला असल्यामुळे, मग इंधनाला का धरायचं? यात तथ्य आहे. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये २००४ साली सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तुटलं, २०१२ मध्ये सुमारे ४,६००. या काळाच्या उत्तरार्धात सोयाबीनचे भाव चढेच होते. उपग्रहावरची नजर, अंमलबजावणी आणि २००६ चा सोयाबीन खरेदीदारांचा करार यांनी हे घडवलं. म्हणजे कारभार नीट असेल तर मागणी आणि जंगलतोड यांची गाठ सैल होते. पण दाबाचा काही भाग शेजारच्या सेराडोत सरकला, आणि सैल झालेली गाठ पुढच्या वर्षांत पुन्हा आवळलीही गेली. मागणी निर्माण करणाऱ्याने 'तिकडचा कायदा तिकडचे बघतील' असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, कारण तो कायदा किती काळ टिकेल यावर त्याचा ताबा नसतो.

'पडीक जमीन वापरू' हा पर्याय ऐकायला छान आहे. जट्रोफाच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या लाटेत जगभर हेच झालं: हलक्या जमिनीत झाड जगलं, पण बी धरेना, बी हवं तर पाणी आणि खत हवं, आणि ते द्यायचं तर चांगलीच जमीन बरी. शिवाय नकाशावर पडीक दिसणाऱ्या जागेवर कुणाची तरी गुरं चरत असतात. ती तिथून उठून कुठे जातात, ते मोजल्याशिवाय ती जमीन मोकळी म्हणता येत नाही. टाकाऊ मालही आपोआप निर्दोष ठरत नाही. जनावरांची चरबी साबणाला आणि खाद्याला जातच होती. ती इंधनाला गेली की साबणवाला पाम तेल घेतो.

तरीही खरोखर चांगली प्रकरणं आहेत आणि ती ओळखता येतात. दोन हंगामांमध्ये जमीन रिकामी राहत होती तिथे कॅमेलिना किंवा कॅरिनाटासारखं, मोहरीच्या कुळातलं आच्छादन पीक घेतलं, मुख्य पिकाला धक्का लागला नाही, तर अप्रत्यक्ष बोजा शून्याजवळ किंवा उणेही येतो. ब्राझीलच्या मातो ग्रोसोमध्ये सोयाबीन काढून त्याच वर्षी त्याच रानात घेतलेला दुसरा मका, ज्याला तिथे साफ्रिन्या म्हणतात, हा याच्या जवळ जातो. पण तो मका इंधन नसतं तरी पिकलाच असता का, हे विचारावं लागतं. बहुवर्षायू गवत सोडून दिलेल्या शेतात लावलं तर माती कार्बन जमा करते.

तुमच्या प्रकल्पाबद्दल तुम्ही शेवटी विचारलं आहे की कमी जोखमीचा दाखला मिळेल का. युरोपच्या पद्धतीत त्यासाठी इंधनाचा माल 'जादा' आहे हे दाखवावं लागतं. आधीच्या तीन वर्षांच्या उत्पादनाची सरासरी घ्या, त्यावर एरवीही होणारी नैसर्गिक वाढ चढवा, आणि त्या रेषेच्या वर जेवढं पिकलं तेवढंच जादा धरलं जातं. तुमच्या वर्णनातल्या शेतात काहीच बदललेलं नाही, फक्त गिऱ्हाईक बदललं आहे. त्यामुळे ते शेत कितीही जुनं आणि स्वच्छ असलं तरी सध्याच्या अवस्थेत जादा माल शून्य भरेल. ठिबक, सुधारित बियाणं किंवा मधल्या हंगामातलं पीक यांतलं काही नव्याने करणार असाल, तर ते सुरू करण्याआधीच्या तीन वर्षांच्या वजनाच्या पावत्या प्लॉटवार लावून ठेवा. सुरू केल्यानंतर त्या गोळा करायला जाल तर ती मूळ रेषा कुणी मान्य करणार नाही.